चौधारीच्या शेंगा सगळे खातात, पाला आणि कंदाचं काय?

कोकणात ज्यांच्या परसात चौधारीचा (चार धारांची शेंग येते तो, इंग्रजीत विंग्ड बीन) वेल आहे त्यातले बहुतेक लोक दिवाळीनंतर शेंगांची भाजी खातात, शेजारी वाटतात, आणि माघात वेल सुकायला लागला की खसकन उपटून गडग्यापलीकडे टाकून देतात. मुळाशी जे जाड बोटाएवढे कंद लागलेले असतात ते पण त्याच्याबरोबरच जातात. आणि पाला तर कोणी तोंडात घालून बघितलेलाच नसतो. खरं म्हणजे या वेलाचा पाला, फुलं, शेंगा, सुकलेलं बी आणि खालचा कंद, सगळंच खाता येतं. फक्त कंद पाहिजे असेल तर ते जूनमध्येच ठरवावं लागतं, वेल उपटायच्या दिवशी आठवून काही उपयोग नाही. म्हणून लागवडीपासून ताटापर्यंत सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मुद्द्याची गोष्ट. वेल जे अन्न तयार करतो ते एकतर वर शेंगांत जातं नाहीतर खाली मुळांत साठतं. शेंगा भरपूर धरल्या की खाली कंद बारीक राहतात, आणि फुलं-शेंगा खुडत गेलात की कंद पोसतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात लोक कंदासाठी मुद्दाम फुलोरा छाटतात, आणि म्यानमारमध्ये तर हे शेतातलं पीक आहे, तिकडे उकडलेले कंद बाजारात विकायला असतात. त्यामुळे आपल्या परसात सरळ वाटणी करायची, सहा वेल लावणार असाल तर चार शेंगांना, दोन कंदांना. एकाच वेलाकडून दोन्ही भरपूर मागायचं नाही. दोन्ही थोडंथोडं मिळतं आणि मग माणूस म्हणतो, छे, यात काही राम नाही.

बी कुठून आणायचं? सगळ्यात बरं म्हणजे गावात ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडून सुकलेली शेंग मागून घ्या. मृगाच्या आधी आठवडी बाजारात पडवळ, दोडकी, काकडीचं बी घेऊन बसणाऱ्या बायका असतात त्यांना विचारा, दापोलीच्या कृषी विद्यापीठात कोणी जाणारं असेल तर तिथेही चौकशी करायला सांगा. देणाऱ्याला एक प्रश्न मात्र जरूर विचारा, याला खाली कंद धरतो का? कारण सगळ्याच जातींना चांगला कंद येत नाही. काहींना नुसती दोरीसारखी मुळं येतात आणि त्यात वेलाची काही चूक नसते, ती जातच शेंगांची असते. देणाऱ्याला माहीत नसेल (बहुतेक नसतंच) तर दोन-तीन घरचं बी आणून वेगवेगळं लावायचं आणि शिमग्याला खणून बघायचं.

बी गोल, गुळगुळीत आणि दगडासारखं कडक असतं. तसंच मातीत टोचलं तर काही आठवड्याभरात वर येतात, काही महिनाभर ढिम्म हलत नाहीत आणि तोपर्यंत मुंग्या नाहीतर उंदीर त्यांचा निकाल लावतात. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो त्याच्यावर बी एका बाजूने हलकं घासायचं, वरचं साल जरासं खरवडलं गेलं की पुरे, आणि मग रात्रंदिवस पाण्यात भिजत ठेवायचं. जे फुगतील ते लावा, जे तसेच टणक राहतील ते परत घासा. डोळ्याच्या बाजूने घासू नका, कोंब तिथूनच येतो.

आता वेळ. हा वेल दिवसाच्या लांबीवर चालतो. आपल्याकडे रत्नागिरीच्या आसपास जूनमध्ये दिवस साधारण १३ तासांचा असतो, २३ सप्टेंबरच्या सुमारास १२ तासांवर येतो आणि डिसेंबरात ११ तासांपर्यंत उतरतो. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय चौधारी फुलतच नाही, तुम्ही एप्रिलमध्ये लावा नाहीतर जूनमध्ये. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी घालघालून लवकर लावण्यात काही अर्थ नाही, नुसता पाला वाढतो. उलट नोव्हेंबरात लावलात तर वेल गुडघाभर असतानाच फुलावर येतो आणि मग ना शेंग धड ना कंद. मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन गार झाली की लावायचं, म्हणजे जूनचा पहिला-दुसरा आठवडा, म्हणजे फुलायच्या आधी त्याला वाढायला साडेतीन-चार महिने मिळतात.

जागा बघताना दोन गोष्टी, ऊन आणि पाण्याचा निचरा. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि या वेलाला पाऊस आवडतो पण मुळाशी पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही. त्यामुळे पागोळ्यांखाली लावू नका, न्हाणीचं पाणी जिथे साचतं तिथेही नको. जांभ्याची माती निचऱ्याला उत्तम पण खाली लगेच कातळ लागतो आणि कंदाला तर पोकळ माती लागते. मग काय करायचं, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, आतले दगडगोटे वेचून बाहेर, त्यात एक घमेलं कुजलेलं शेणखत, पातेरा (झाडाखालचा सुका पालापाचोळा) कुजलेला असेल तर तो, आणि चुलीतली राख दोन मुठी. खड्डा भरून वर वीतभर उंच गादी करायची म्हणजे श्रावणातल्या पावसात बुडणार नाही. खाली कातळच असेल तर खड्ड्याच्या भानगडीत पडू नका, चार चिरे मांडून त्यात माती भरा.

युरिया घालू नका. हा वेल शेंगवर्गातला आहे, मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात, आणि चौधारीला या गाठी इतर कडधान्यांपेक्षा भरपूर येतात. वरून युरिया मारलात की गाठी कमी होतात, पाला माजतो, कंद राहतो बाजूला. नवीन भरावाची माती असेल तर जिथे आधी चवळी झाली होती तिथली ओंजळभर माती आणून खड्ड्यात मिसळा, तेच जिवाणू याला चालतात. ऑगस्टमध्ये एखादी गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी-लाल दिसली म्हणजे काम चालू आहे.

खड्ड्यात तीन बिया, इंचभर खोल, नंतर त्यातलं जोमदार रोप ठेवून बाकीची काढा. शेंगांच्या वेलांत दोन-अडीच फुटांचं अंतर, कंदांच्या वेलांत दीड फूट चालतं. पहिला महिना हा वेल फार सुस्त असतो, लोकांना वाटतं मेला की काय. मेलेला नसतो. त्या महिन्यात त्याच्या भोवतालचं गवत तेवढं बेणत राहा, कारण पावसाळ्यातलं रान त्याच्यापेक्षा दसपट वेगाने वाढतं आणि रोप त्यात गडप होतं.

आणि गोगलगायी! पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठा शत्रू तोच, त्या मोठ्या शंखाच्या गोगलगायी एका रात्रीत कोवळी रोपं जमिनीलगत कापून टाकतात. राख-चुना टाकून कडं करा म्हणतात पण आपल्या पावसात ते कडं तासभर पण राहत नाही. रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन बाहेर पडायचं, वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, दुसरा इलाज नाही. ओलं गोणपाट टाकून ठेवलंत तर सकाळी त्याच्याखाली गोळा झालेल्या सापडतात, तेवढाच त्रास कमी.

मांडव कसा करायचा ते सांगायला नको, पडवळ-दोडक्याचा असतो तसाच, मेढी पुरून वर चिव्याच्या काठ्या आणि सुंभ. शेंगांच्या वेलाला सहा-सात फूट उंची द्या, वेल सहज दहा-बारा फूट पळतो. कंदाच्या वेलाला चार फुटांची काठी पुरते, शेंडा काठीच्या वर गेला की खुडायचा. म्यानमारमध्ये कंदाचं पीक जमिनीवरच पसरू देतात असं आहे, पण आपल्याकडे तसं केलंत तर आषाढात पानं मातीला चिकटून कुजतील. आणि कृपा करून हा वेल हापूसच्या लहान कलमावर किंवा काजूवर सोडू नका. आयता मांडव मिळाला म्हणून बरं वाटतं पण दोन महिन्यांत कलम खाली गुदमरतं.

पाल्याला जुलैअखेरपासून सुरुवात करता येते. शेंड्याकडची तीन-चार पानं आणि कोवळा कोंब नखाने सहज तुटेल तेवढाच घ्यायचा, खालची जून पानं चरबट लागतात. शेंडा खुडला की वेलाला फांद्या फुटतात त्यामुळे शेंगांच्या वेलाचं यात भलंच होतं. कंदाच्या वेलाची पानं जरा हात राखून काढा, कारण कंद भरायचा तो पानांच्याच जोरावर. आठवड्यातून एकदा एका वेलाची मूठभर, यापेक्षा हावरेपणा नको.

भाजी अगदी सोपी. मे महिन्यात साठवलेल्या फणसाच्या आठळ्या असतील तर त्या ठेचून आधी शिजवून घ्या. खोबरेल तेलात लसूण, हिरवी मिरची, कांदा, मग बारीक चिरलेला पाला आणि आठळ्या, पाण्याचा हबका, झाकण, शेवटी ओलं खोबरं. पाला मऊ व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. श्रावण न पाळणाऱ्यांनी आठळ्यांच्या जागी सोडे घालून बघावे, मला विचाराल तर सोड्यांबरोबरच हा पाला खरा खुलतो. शेवग्याच्या पाल्यासारखा कडवटपणा याला नाही त्यामुळे पोरं पण खातात. पाल्यात १०० ग्रॅममागे जवळजवळ ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पालेभाजीच्या मानाने हे भरपूर आहे.

सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरात फिकट निळी-जांभळी फुलं दिसायला लागली की वाटणीचं काम सुरू होतं. शेंगांच्या वेलाला हात लावू नका. कंदाच्या वेलाची फुलं आणि कळ्या दर तीन-चार दिवसांनी खुडायच्या, अगदी नेमाने, कारण एक आठवडा राहिलं की शेंगा धरतात आणि एकदा शेंगेत बी भरायला लागलं की सगळा जोर तिकडे वळतो. खुडलेली फुलं फेकायची नाहीत, डाळीच्या पिठात बुडवून भजी करा, चहाबरोबर झकास लागतात. फक्त कंदाच्या वेलावर खालच्या बाजूच्या दोन शेंगा बियाण्याला ठेवा. खणल्यावर त्याला कंद चांगला निघाला तर पुढच्या वर्षी तेच बी लावायचं, आणि ही फुलं बहुतेक आपल्याआपणच फळतात त्यामुळे बियातून बऱ्यापैकी तीच जात उतरते. ज्याला कंद आला नाही त्याचं बी शेंगांच्या मांडवासाठी ठेवा.

शेंगा चार ते सहा इंचांच्या असताना काढायच्या. कट्कन मोडली पाहिजे. वाकून नुसती लोंबली तर ती जून झाली, ती आता बियांसाठीच ठेवा, चिरून काही उपयोग नाही, दोरे निघतात. एक दिवसाआड मांडवाखाली जाऊन वर बघायची सवय लावून घ्या, हिरव्यात हिरवी शेंग लपते आणि दोन दिवसांत हातभर होते. भाजीचं काही वेगळं सांगण्यासारखं नाही, आडव्या चकत्या करायच्या, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, पाच मिनिटं, वर खोबरं. जास्त शिजवली की लगदा.

पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि कंदाचा खरा भरण्याचा काळ तिथूनच पुढे आहे, नोव्हेंबर ते जानेवारी. नेमकं तेव्हाच लोक पाणी द्यायचं विसरतात कारण सगळं लक्ष भाताच्या झोडणीकडे असतं. जांभ्याची माती चार दिवसांत कोरडी ठाक होते. बुंध्याभोवती आळं करा, त्यात वीतभर पातेरा पसरा आणि आठवड्यातून दोनदा कळशीभर पाणी. फेब्रुवारी लागला की पाणी तोडा.

रोग-किडीत मावा येतो, विशेषतः ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर, तर तो शेंडाच खुडून टाका किंवा साबणाचं पाणी आणि निंबोळी अर्क मारा. पाला आपण खाणार आहोत त्यामुळे दुकानातली जहाल औषधं नकोत. सूत्रकृमींचा (मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) त्रास झाला तर मुळांवर वेड्यावाकड्या गाठी येतात, त्या जिवाणूंच्या गाठींसारख्या सुट्या निघत नाहीत, मुळातच सुजलेल्या असतात, तशा दिसल्या तर पुढच्या वर्षी जागा बदला आणि मध्ये झेंडू लावा. बाकी माकडं. त्यांच्यावर उपाय असता तर हे लिहायच्या आधी मी तो पेटंट केला असता. शेंगा माकडं नेतात आणि कंद साळिंदर नाहीतर रानडुक्कर, साळिंदराला तर खाली कंद भरलाय हे आपल्याआधी कळतं. कंदाचे वेल घराच्या अगदी जवळ, खळ्याच्या कडेला लावा आणि जानेवारीपासून बुंध्याभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या दाबून ठेवा.

खणायचं शिमग्याच्या आसपास, पानं पिवळी पडून गळायला लागली की. लागवडीपासून आठ-नऊ महिने होतात तोपर्यंत. कुदळीने घाव घालू नका, बुंध्यापासून फूटभर लांबून खुरप्याने माती मोकळी करत आत या. कंद बटाट्यासारखे गोल नसतात, लांबट असतात, बोटभर किंवा त्याहून थोडे जाड, वरून तपकिरी आणि आत पांढरे. टोपलीभर निघतील अशी आशा धरू नका, एका वेलाला ओंजळभर निघाले तरी खूप झालं. पण त्यात माल आहे. बटाट्यात १०० ग्रॅमला २ ग्रॅम प्रथिनं असतात, रताळ्यात त्याहूनही कमी, आणि याच्या कच्च्या कंदात ११ ग्रॅमच्या आसपास. याच गुणामुळे अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९७५ मध्ये या वेलावर स्वतंत्र अहवाल काढला होता, तेव्हा उष्ण प्रदेशातलं सोयाबीन म्हणून याच्याकडे बघितलं जात होतं.

कच्चा कंद खायचा नाही. स्वच्छ धुऊन सालासकट मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकडायचा, सुरी आरपार गेली पाहिजे, मग साल हाताने निघतं. गरम असताना नुसता मीठ आणि खोबऱ्याबरोबर खा, करांदे-कणगरं उकडून खायची ज्यांना सवय आहे त्यांना लगेच आवडेल, फक्त हा जास्त घट्ट आणि कमी गोड असतो. दुसरा प्रकार म्हणजे काप. उकडलेल्या कंदाच्या उभ्या चिरा करून तिखट, मीठ, हळद, आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून दहा मिनिटं ठेवायच्या, रव्यात घोळवून तव्यावर, नीरफणसाचे करतो तसेच. रायगडकरांनी एखादा वेल मुद्दाम लवकर, जानेवारीतच खणावा आणि ते कंद पोपटीच्या (शेतात जाळावर मडकं भाजून करतात ती) मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर टाकावेत, मडक्यात घालतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास त्यात छान मुरतो. पहिल्यांदा खाताना कोणताही कंद थोडाच खावा, हा पण. आणि हे वाचून उत्साहात रानातला कुठलाही वेल खणून उकडायला घेऊ नका, रानकंदांत खाजरे आणि विषारी पण असतात. जो आपण स्वतः बी लावून वाढवला तोच.

खणलेले कंद फार टिकत नाहीत, आठवड्याभरात सुरकुततात. त्यामुळे एकदम सगळे वेल खणू नका, लागतील तसे काढा, जमिनीत ते बरे राहतात.

सुकलेलं बी खायचं असेल तर त्याला वेळ द्यावा लागतो. त्यात ३० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत पण कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या बियांत पचनाला अडथळा करणारे घटक पण असतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नवीन पाण्यात कुकरला भरपूर शिट्ट्या करा, साल जाड असतं ते चोळून काढा आणि मग कडव्या वालासारखी उसळ. खटपटीचं काम आहे, मी तरी शेंगा संपल्याशिवाय याच्या वाटेला जात नाही.

मुंबई-ठाण्यात टेरेसवाल्यांसाठी, अठरा इंची ग्रो बॅग, खाली निचऱ्याची भोकं मोकळी, एका बॅगेत एकच वेल. रात्रभर जिथे दिव्याचा प्रकाश वेलावर पडतो अशी जागा टाळा, त्याला दिवस मोठाच वाटत राहतो आणि फुलं लांबतात. कंदाला तर बॅग उलट सोयीची, खणायची कटकट नाही, सरळ उलटी करायची.

आणि खणताना एखादा वेल तसाच सोडता आला तर सोडा. बुंधा जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचा, वर पातेऱ्याचा जाड थर, मे महिन्यात अधूनमधून थोडं पाणी. खालचे कंद जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात त्यालाच नवीन कोंब येतात, बियाच्या रोपासारखा महिनाभर सुस्त बसत नाही त्यामुळे त्याचा पाला आषाढाच्या सुरुवातीलाच खायला मिळतो. बाकीच्या वेलांचा हिरवा पाला गुरांना घाला, मुळं मात्र गाठींसकट खड्ड्यातच चिरडून टाका आणि त्या जागेवर येत्या पावसाळ्यात पडवळ किंवा काकडी लावा, चौधारी दुसऱ्या खड्ड्यात.